आखाजीच्या पंगतीसाठी थरांची भाजी, आदल्या दिवशी करून ठेवलेली

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या बेताबद्दल चोपड्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे:

"आखाजीला दोन्ही नणंदा, जावई, मुलं आणि यंदा पहिल्यांदाच विहीणबाईंकडची माणसं, असे आम्ही सोळा जण जेवायला आहोत. पुरणपोळ्या आणि आमरस त्याच दिवशी करावा लागतो. भाजी तरी आदल्या दिवशी करून ठेवावी म्हणून वांगी, गिलके (घोसाळी), बटाटे आणि टमाटे यांची थर लावून केलेली भाजी आठ दिवसांपूर्वी करून पाहिली. कृती ओव्हनची होती, मी गॅसवर पातेल्यात केली. झाकण काढलं तर नुसतं पाणी. गिलक्याचा लगदा झाला, बटाटा मात्र कच्चाच राहिला. वांगी काळी पडली आणि वर तेल तरंगलं. उरलेली भाजी रात्री ओट्यावर झाकून ठेवली, ती सकाळी आंबली. ही भाजी आदल्या दिवशी होऊ शकते का? वर चीज घालू का? सासूबाई त्या दिवशी कांदा-लसूण खात नाहीत, त्यांच्यासाठी काय करू?"

ताई, भाजी आदल्या दिवशी नक्की होते. खरं तर ही भाजी दुसऱ्या दिवशीच चांगली लागते, कारण रात्रभरात मसाला थरांत उतरतो, पाणी मुरतं आणि वाढताना थर ढासळत नाहीत. फक्त तिच्यातल्या पाण्याचा बंदोबस्त आधी करावा लागतो. तुमच्या पत्रातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ पाण्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

अशा थरांच्या भाज्या मुळात भट्टीतल्या. इटलीतली वांग्याची पार्मिजाना, ग्रीसमधला मुसाका, फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातलं तियां, सगळ्या त्याच जातीच्या. तियां हे तर तिकडच्या मातीच्या पसरट भांड्याचंच नाव आहे. भांडं पसरट आणि उघडं, वरून कोरडी गरम हवा, त्यामुळे भाजीचं पाणी वाफ होऊन निघून जातं. तुम्ही तीच भाजी गॅसवर घट्ट झाकणाखाली ठेवलीत. वाफ झाकणाला लागली, तिचं पाणी झालं आणि परत भाजीतच पडलं. सोळा माणसांसाठी जी पावणेपाच किलो भाजी लागते, तिच्यात चार लिटरहून जास्त पाणी असतं. त्यातलं दीड लिटर तरी थर लावण्याआधीच बाहेर काढायचं. म्हणजे प्रत्येक भाजी आधी वेगवेगळी भाजून, आटवून घ्यायची आणि मगच एकत्र आणायची. कच्च्या फोडींचे थर लावून गॅसवर ही भाजी होत नाही.

सोळा जणांना पुरणपोळी-आमरसाबरोबर पोटभर पुरेल असं प्रमाण: वांगी दीड किलो, कोवळी गिलकी सव्वा किलो, बटाटे पाऊण किलो, पिकलेले टमाटे पाऊण किलो, कांदे अर्धा किलो. मसाल्याला शेंगदाणे २५० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, फुटाण्याच्या डाळीचं पीठ ७५ ग्रॅम, लसणाच्या २५ ते ३० पाकळ्या, दोन इंच आलं, घरचा काळा मसाला ३ मोठे चमचे सपाट, लाल तिखट १ मोठा चमचा, हळद १ छोटा चमचा, सुपारीएवढा गूळ, मूठभर कोथिंबीर. तेल सगळं मिळून २०० मिली, त्याहून जास्त नको. काळा मसाला प्रत्येक घरी वेगळा असतो. तुमच्या मसाल्यात मिरची जास्त असेल तर वरचं तिखट अर्धं करा. समोर आमरस आणि पुरण असल्यामुळे भाजी जरा झणझणीत आणि किंचित आंबट असलेलीच बरी, ती गोडाला तोडते.

भांडी दोन घ्या, साधारण २४ सेंटीमीटर रुंदीची, जाड बुडाची, स्टीलची. एवढ्या भाजीचा थर त्यात चार सेंटीमीटरच्या आसपास भरतो. एका खोल पातेल्यात सगळी भाजी घातली तर वरच्या वजनाने खालचा थर चेपतो, मध्यभाग लवकर निवत नाही आणि दुसऱ्या दिवशी लवकर तापतही नाही. पितळी पातेलं कितीही छान दिसलं तरी त्याची कल्हई गेलेली असेल तर टमाट्याच्या आंबटाने भाजी कळकते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातही आंबट भाजी रात्रभर ठेवू नये.

आता एकेक भाजी.

वांग्यांपासून सुरू करा, त्यांना वेळ लागतो. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं जळगावचं भरताचं हिरवट वांगं थंडीत जसं मऊ आणि कमी बियांचं असतं, तसं उन्हाळ्यात मिळेलच असं नाही. बाजारात आकाराच्या मानाने हातात हलकं लागणारं, चकचकीत सालीचं, हिरव्यागार देठाचं वांगं निवडा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पिवळसर झाक आलेलं वांगं जून असतं, बिया कडवट लागतात. एक सेंटीमीटर जाडीचे काप करा, त्याहून पातळ नको, ते भाजताना फाटतात. कापल्याबरोबर दीड किलोला छोटे तीन चमचे मीठ चोळा आणि चाळणीत अर्धा तास ठेवा.

मिठाने पाणी सुटतं हे तुम्हाला माहीत आहेच, पण त्याचं दुसरं कामही तेवढंच मोठं आहे. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, आत हवेच्या पोकळ्या. कच्चा काप तेलात टाकला की तो तेल पिऊन बसतो आणि पुन्हा गरम केल्यावर पोकळ्या चेपून तेच तेल बाहेर टाकतो. तुमच्या भाजीवर तरंगलेलं तेल हेच. मिठाने पोकळ्या आधीच बसतात. अर्ध्या तासानंतर काप स्वच्छ फडक्यात दाबून टिपा, धुवू नका. तव्यावर एक चमचा तेल पसरून काप लावा, पहिली तीन मिनिटं झाकण ठेवा म्हणजे वाफेने उरलेल्या पोकळ्याही बसतील. मग झाकण काढून, कडेने थोडं तेल सोडून दोन्ही बाजूंनी तांबूस भाजा. सुरी सहज आरपार गेली पाहिजे. थरात वांगं आणखी शिजेल या भरवशावर अर्धकच्चं ठेवू नका, ते चिवट राहतं.

वांगी काळी पडण्याला दोन कारणं असतात. कापून उघडी ठेवली की हवेने काळवंडतात, आणि लोखंडी कढईत बराच वेळ राहिली तरी काळवंडतात. भाजण्यापुरता लोखंडी तवा चालतो, पण भाजलेले काप लगेच स्टीलच्या ताटात काढा. आदल्या दिवशी वांगी नुसती चिरून फ्रिजमध्ये ठेवण्यात काही फायदा नाही. चिरली की लगेच भाजायची.

गिलक्याची गत वेगळी. ते जवळजवळ सगळं पाणीच, शिजून निम्मं होतं. म्हणून चकत्या बोटाच्या जाडीच्या, दीड सेंटीमीटरच्या करा. आधी प्रत्येक गिलक्याचा एक कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू निघालं तर ते अख्खं फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि एक कडू गिलकं सगळं भांडं वाया घालवतं. दुधी वापरणार असाल तर ही चव न चुकता बघाच. कडू दुधी नुसता बेचव नसतो, तो विषारी असतो आणि माणसाला दवाखान्यात पोचवतो.

गिलक्याच्या चकत्यांना छोटा एक चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं निथळू द्या. पिळू नका, मोडतात. मग पसरट कढई चांगली तापवा आणि तीन-चार हप्त्यांत, मोठ्या आचेवर, उघड्यावरच चार-पाच मिनिटं परता. सगळ्या चकत्या एकदम कढईत लोटल्या की कढई गार पडते, पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी त्या उकडतात. लगदा होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच असतं. परतून झाल्यावर पुन्हा चाळणीत वीस मिनिटं ठेवा, खाली जे पाणी जमेल ते वरणात घाला. बाजारात गिलकी जून, जाळी धरलेली मिळाली तर सरळ दोडके घ्या. दोडका अंगाने जरा घट्ट असतो, थरात आकार धरून राहतो, आणि नवख्या हाताला तो गिलक्यापेक्षा सोपा जातो. त्याच्या शिरा काढून ठेवा, चटणीला होतात.

बटाटा तुम्ही कच्चा लावलात आणि वर टमाटे घातलेत. आंबटात बटाटा लवकर शिजत नाही. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं जे खळीसारखं द्रव्य असतं, ते आंबट पाण्यात विरघळायला फार वेळ घेतं. चिंच घातलेल्या आमटीत बटाटा कडक राहतो तो याच कारणाने. तेव्हा बटाट्याच्या चार मिलिमीटरच्या चकत्या करून, मीठ घातलेल्या थंड पाण्यात टाकून गॅसवर ठेवा आणि उकळी आल्यावर चार मिनिटांनी उपसा. चकती शिजलेली पण अख्खी हवी. उपसून ताटात पसरा, गरम असतानाच तिच्यावरचं पाणी वाफ होऊन उडून जातं.

टमाटे बारीक चिरून दोन चमचे तेलावर घाला आणि पाऊण किलोचे चारशे ग्रॅम होईपर्यंत आटवा. कढईच्या तळावरून उलथनं ओढल्यावर पडलेली वाट तीन-चार सेकंद तशीच राहिली की झालं. वाट लगेच भरून येत असेल तर अजून आटवा. उन्हाळ्यात टमाटे महाग असतील तर निम्मेच घ्या आणि एक लहान कैरी किसून त्यात घाला, पण मग गूळ थोडा वाढवा.

आता मसाला. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून जाडसर कुटा, पीठ करू नका. भाजण्याआधी दाणे ताटात पसरून सुरकुतलेले, काळपट, बुरशीची शंका येणारे वेचून काढा आणि दोन-चार चावून बघा. एक खवट दाणाही लपत नाही. तीळ आणि खोबऱ्याचा कीस वेगवेगळा भाजा, तिळाला खोबऱ्यापेक्षा कमी वेळ लागतो. ओलं खोबरं इथे चालणार नाही, आपल्या मे महिन्यात ते सगळ्यात आधी उतरतं. दाणे, तीळ, खोबरं, फुटाण्याच्या डाळीचं पीठ, काळा मसाला, तिखट, हळद आणि छोटे चार चमचे मीठ हे सगळं कोरडंच एकत्र करा. हा कोरडा मसाला दोन दिवस आधी करून डब्यात ठेवता येतो. त्याहून आधी नको, कुटलेल्या दाण्याला उन्हाळ्यात लवकर खवट वास येतो.

यातलं डाळीचं पीठ म्हणजे या भाजीचा पहारेकरी. भाज्यांतून जे थोडं पाणी पुढेही सुटतं, ते पीठ पिऊन घेतं आणि फुगून थर एकमेकांना धरून ठेवतं. त्याऐवजी कच्चं बेसन भुरभुरू नका, ते आत कच्चट राहतं. फुटाण्याची डाळ आधीच भाजलेली असते म्हणून ती बरी.

कांदे उभे चिरून पन्नास मिली तेलात चांगले तांबूस करा, आलं-लसणाचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता, शेवटी गूळ आणि कोथिंबीर घाला. अर्धवट परतलेला कांदा आणि कच्चं लसणाचं वाटण भाजी आंबवायला सगळ्यात आधी कारण होतं, त्यामुळे इथे घाई नको.

थर लावताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा, पाणी खाली उतरतं. म्हणून जो पाणी पितो तो तळाला आणि जो ओला तो वर. तुम्ही राहता त्या चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात केळीची पानं हाताशी आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो. पान गॅसवर हलकं फिरवून मऊ करा, नाहीतर ते चिरतं. भांड्याच्या तळाला तेलाचा हात फिरवून पान असं बसवा की कडा बाजूंनी वर येतील. त्यावर बटाट्याच्या चकत्या एकमेकींवर थोड्या चढवून, मासळीच्या खवल्यांसारख्या. त्यावर निम्मा कांदा (निम्मा दुसऱ्या भांड्यात), मग कोरड्या मसाल्याचा भुरका, मग वांग्याचे काप दोन पदरी, पुन्हा मसाला, मग गिलकी, पुन्हा मसाला, आणि सगळ्यात वर टमाट्याचा आटवलेला गोळा पातळ पसरून. कोरडा मसाला दोन्ही भांड्यांना निम्मा-निम्मा आणि प्रत्येक भांड्यात तीन थरांत सारखा वाटा. प्रत्येक थर उलथन्याच्या पाठीने हलका दाबा. वरून पाणी अजिबात शिंपडू नका.

भांडं लोखंडी तव्यावर ठेवून पाच मिनिटं मध्यम आच, मग अगदी मंद आचेवर पंचवीस मिनिटं. झाकणाला आतून सुती फडकं लावा आणि त्याची टोकं झाकणाच्या वर घट्ट बांधा, लोंबती राहिली तर पेट घेतील. वाफ फडक्यात जिरते, भाजीवर ठिबकत नाही. शेवटची दहा मिनिटं झाकण पूर्ण काढा. कडेने तेलाचे बारीक बुडबुडे दिसू लागले आणि उलथन्याने कड सारून पाहिली तर तळाला पाणी दिसलं नाही, की गॅस बंद. ओव्हन असेल तर १८० अंशांवर उघडं ठेवून पस्तीस-चाळीस मिनिटं, पण घरगुती छोट्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच भांडं मावतं हे धरून चाला.

आता आंबण्याची गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, कारण समोर लहान मुलं आणि वयस्क माणसं जेवायला आहेत. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. एरवी दोन तासांची सवड धरतात, पण बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे आखाजीच्या दिवसांत जळगाव-भुसावळला पारा ४४ च्या पुढे जातो आणि रात्रीही स्वयंपाकघर तापलेलंच असतं. त्यामुळे "रात्री गार असतं, राहील बाहेर" हा हिशेब थंडीतला, तो इथे लागू नाही. भाजी झाली की भांडं परातीत थंड पाणी आणि बर्फ घालून त्यात ठेवा, वर जाळी झाका, घट्ट झाकण नको. पाणी कोमट झालं की बदला. चार सेंटीमीटरचा थर असल्यामुळे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत वाफ पूर्ण जाते. मग झाकण लावून फ्रिजमध्ये. अजून जरा कोमट असली तरी चालेल, बाहेर आणखी तासभर ठेवण्यापेक्षा ते बरं.

फ्रिजमध्ये जागा आधी करा. त्याच दिवशी आंब्याचा रस, दूध आणि पाण्याच्या बाटल्या सगळं एकदम भरलं की फ्रिज गार धरत नाही. लाइट जाते, तर आदल्या रात्री फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवा आणि लाइट गेली की त्या भाजीच्या भांड्याशेजारी लावा. दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण चार तास गार राहतो. त्याहून जास्त वेळ लाइट गेली आणि भाजी हाताला गार लागेनाशी झाली असेल तर ती पाहुण्यांना वाढू नका. वास घेऊन ठरवू नका, वास येण्याआधीच भाजी बाधू शकते.

वेळेची आखणी अशी करा. आखाजीच्या दोन दिवस आधी कोरडा मसाला. आदल्या दिवशी पहाटे सहाला वांगी-गिलकी कापायला घ्या, साडेआठ-नऊपर्यंत भाजणं उरकतं, त्यापुढे ओट्यापाशी उभं राहवत नाही. दहापर्यंत थर लावून, शिजवून, साडेअकराच्या आत भाजी फ्रिजमध्ये. भाजलेल्या भाज्या बाहेर ठेवून संध्याकाळी थर लावू असा बेत नको, मधले सहा-सात तास घातक. पहाटे जमणारच नसेल तर सगळंच संध्याकाळी करा आणि झोपण्याआधी फ्रिजमध्ये ठेवा, पण तुकड्यातुकड्याने नको.

आखाजीच्या दिवशी पंगतीच्या पाऊण तास आधी भांडं फ्रिजमधून काढा, बाहेर ठेवून थंडपणा घालवायचा वगैरे नाही, लगेच तापवायला. थेट आचेवर थंड भाजी तळाला करपते आणि मध्ये गार राहते. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात दोन इंच पाणी उकळून त्यात जाळी ठेवा, त्यावर भाजीचं भांडं, वर फडक्याचं झाकण. तीस-पस्तीस मिनिटं लागतात आणि या वेळात तुम्ही पोळ्या लाटू शकता, बघत बसावं लागत नाही. सुरी मधोमध दहा सेकंद खुपसून मनगटाला लावून बघा, चटका बसला पाहिजे. मग पंधरा मिनिटं बाहेर बसू द्या म्हणजे थर घट्ट होतील. मीठ-तिखटाची चव या वेळी घ्या, थंड भाजीत चवीचा नीट अंदाज येत नाही.

चीज घालू नका. गरम असताना ते छान ओघळतं, पण भाजी निवली की त्याची चामड्यासारखी साय होते आणि पुन्हा तापवलं की तूप सोडतं. शिवाय काळ्या मसाल्याशी ते जमत नाही. वर काहीतरी कुरकुरीत हवं ही तुमची इच्छा मात्र बरोबर आहे, कारण खालचे सगळे थर मऊ आहेत. घरात उन्हाळ्याची बिबडी (ज्वारीचे पापड) झालीच असतील, ती तळून, हाताने जाडसर चुरून वाढायच्या क्षणी वर टाका, सोबत चमचाभर भाजलेले तीळ. आधी टाकलीत तर पाच मिनिटांत मऊ पडतात.

पंगतीत वाढताना पळी नको, पळीने थर कालवले जातात आणि एवढ्या मेहनतीची साधी मिसळभाजी होते. पातळ, चपटं उलथनं घ्या. भांड्यातच सुरीने प्रत्येकी आठ भाग करा, पहिला भाग काढताना केळीच्या पानाची कड उचला, उलथनं तळापर्यंत जातं. एकच भांडं पंगतीत आणा, दुसरं उकळत्या पाण्यावर गरमच राहू द्या आणि पहिलं संपल्यावर काढा. पंगतीत तासभर फिरलेली भाजी रात्रीसाठी उचलून ठेवू नका. न उघडलेलं भांडं मात्र तशाच रीतीने निववून ठेवता येतं, तेही एकदाच. दुसऱ्यांदा तापवलेली भाजी पुन्हा ठेवायची नाही.

सासूबाईंसाठी एक छोटं भांडं वेगळं लावा आणि तेच सगळ्यात आधी करा, म्हणजे कांद्याचा हात त्याला लागणार नाही. कांद्याने भाजीला गोडसरपणा आणि अंग येतं, तो नुसता वगळला तर थर कोरडे आणि उग्र लागतात. दोन-तीन माणसांपुरत्या भांड्याला १५० ग्रॅम गंगाफळ (लाल भोपळा) किसून, दोन चमचे तेलावर पाव चमचा हिंग आणि किसलेलं आलं घालून, पाणी पूर्ण आटून ते तांबूस होईपर्यंत परता आणि कांद्याच्या जागी हाच थर लावा. गंगाफळ गोड असतं, म्हणून त्यात गूळ घालू नका, उलट कैरीचा कीस चमचाभर घाला. काळ्या मसाल्यात काही घरी कांदा-लसूण भाजून घालतात. तुमच्या मसाल्यात तो असेल तर या भांड्याला मसाल्याऐवजी धणे-जिरे पूड, चिमूटभर दालचिनी-लवंग पूड आणि तव्यावर भाजून कुटलेलं थोडं दगडफूल वापरा, रंग आणि वास बराचसा तसाच येतो. वेळ मात्र तीस ऐवजी वीस मिनिटंच द्या, लहान भांडं लवकर लागतं.